दोन वड्या कापूर

परवा आत्याचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "आणि तुमचे ते उंदीर कसे आहेत गं?" आत्या आमच्या गिनीपिगांना उंदीरच म्हणते. कुरतडणाऱ्या प्राण्यांचंच कूळ असल्यामुळे ती फार चुकत नाही म्हणा. ते गिनीतले नाहीत आणि पिग तर अजिबात नाहीत. मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले, पेरू वगैरे भागातले. (आणि पेरू अगदी आवडीने खातात. हा विनोद आमच्या घरात आठवड्यातून एकदा तरी होतो.)

"दोघी मजेत आहेत," मी म्हणाले.

"त्या पहिलीला नक्की काय झालं होतं गं? तू कधी नीट सांगितलंच नाहीस."

मी काहीतरी बोलून विषय बदलला. पण फोन ठेवल्यावर ते मनातून जाईना. खरंच, मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. "आजारी होती, गेली" एवढंच सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. म्हणून आज हे लिहायला बसले आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तर, २०२२च्या दिवाळीच्या सुट्टीत लेकीच्या हट्टापायी दोन गिनीपिग घरी आले. दोन्ही माद्या. एक गुळगुळीत, पांढरी, टुमटुमीत. दुसरीच्या अंगभर केसांचे भोवरेच भोवरे. फराळाचे दिवस होते, त्यामुळे बारसं आपोआप झालं: करंजी आणि चकली. दुकानात त्या सशांबरोबर एकाच पिंजऱ्यात, लाकडाच्या भुशावर होत्या. "काकडी-गाजर द्या आणि हे दाणे द्या, बास," असं दुकानदाराने सांगितलं. आम्ही तेच ब्रह्मवाक्य मानून चाललो.

आता मला माहीत आहे की ते ब्रह्मवाक्य अर्धवट होतं. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. आपल्यासारखंच. कुत्रा, मांजर, गाय यांना ते अंगातच मिळतं. माणसाला आणि गिनीपिगला रोज बाहेरून खावं लागतं. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिख या दोघांना प्रयोग करताना गिनीपिगांमध्ये स्कर्व्ही दिसला आणि त्यातूनच पुढे क जीवनसत्त्वाचा माग लागला. काकडीत ते नावापुरतंच असतं, गाजरातही कमीच. ढोबळी मिरची, कोथिंबीर, थोडासा आवळा किंवा पेरू असं काही रोज पोटात गेलं नाही, तर कातडी आणि प्रतिकारशक्ती दोन्ही ढासळतात. आमच्या करंजीचं आठ महिने नेमकं तेच होत होतं. आम्हाला मात्र ती गुबगुबीत दिसत होती.

२०२३चा जुलै. बाहेर पावसाची झड, घरात न वाळलेले कपडे, सगळीकडे दमट वास. करंजी अंग खाजवायला लागली. आधी अधूनमधून, मग सारखीच. मागच्या पायाने खांदा असा काही खाजवायची की पिंजरा खडखडायचा. पाठीवरचे केस विरळ झाले, खाली पिवळसर जाडसर कोंडा दिसायला लागला. मी स्वतःला सांगितलं, पावसाळा आहे, दमट हवा आहे, होतं असं. कानामागचं छोटं टक्कल मात्र मी घाबरून गुगलवर शोधलं. ते सगळ्याच गिनीपिगांना जन्मजात असतं. म्हणजे घाबरायला नको तिथे घाबरले आणि घाबरायला हवं होतं तिथे निवांत राहिले.

सासूबाईंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, खरूज आहे ही. आमच्याकडे गुरांना झाली की करंजाचं तेल चोळायचे." आईंचं माहेर वाईजवळचं. घरी बैल, म्हशी, शेळ्या. करंजाच्या तेलाची एक बाटली अजूनही त्या मोरीच्या फळीवर बाळगून असतात. लेकीला फारच मजा वाटली. करंजीला करंजाचं तेल!

आणि निदानात आई शंभर टक्के बरोबर होत्या, हे आधी सांगते. ती खरूजच होती.

चूक पुढे झाली, आणि ती मी केली. लहानपणी आम्हाला खाज सुटली की माझी आई खोबरेल तेलात कापूर विरघळवून लावायची. गारेगार वाटायचं. ते मला नेमकं तेव्हा आठवलं. देव्हाऱ्यातल्या डबीतून मी कापराच्या दोन वड्या काढल्या, कोमट तेलात विरघळवल्या आणि ते तेल करंजीच्या पाठीला, खांद्यांना चोपडलं. कुणालाही न विचारता. आई तेव्हा वर गच्चीत होत्या.

गिनीपिगला अंगावर काही लागलेलं सहन होत नाही. तो ते चाटून साफ करतो. करंजीने पुढचे दोन तास तेच केलं. कापूर पोटात गेला तर विष आहे. माणसाच्या लहान मुलांनाही तो खाल्ल्यावर आकडी येऊ शकते. चारशे किलोची गाय आणि आठशे ग्रॅमची करंजी यांच्यात पाचशे पटींचा फरक आहे, हा हिशोब तेव्हा माझ्या डोक्यात आलाच नाही. आपण सहज म्हणतो ना, "माझा काय गिनीपिग केलाय का?" मी गिनीपिगचाच गिनीपिग केला.

रात्री साडेनऊच्या सुमाराला तिने एकदम अंग ताठ केलं, आडवी पडली आणि पाय झाडायला लागली. लेक किंचाळली. अर्ध्या-पाऊण मिनिटात ते थांबलं, मग पुन्हा झालं. आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मी कुत्री-मांजरं बघतो, हे माझ्या हातचं नाही." त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, त्यांचा काही दोष नाही. पण रात्रीचे दहा वाजलेले आणि आम्ही पार हतबल.

तेवढ्यात नवऱ्याला औषधांचा डबा आठवला. इंटरनेटवर त्याने वाचलं होतं की या किड्यांवर आयव्हरमेक्टिन देतात. आणि आयव्हरमेक्टिन आमच्या घरात होतं! कोविडच्या दुसऱ्या लाटेतलं. आठवतंय ना २०२१? मे महिन्यात गोवा सरकारने अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना हे औषध देण्याची घोषणा केली होती. गावोगावी लोकांनी गोळ्या आणून ठेवल्या होत्या. आम्हीही एक पाकीट आणलं होतं, ते तसंच पडलेलं. १२ मिलिग्रॅमच्या गोळ्या.

"चिमूटभर भुकटी पाण्यातून देऊया दोघींना," नवरा म्हणाला. दोघींना, कारण एव्हाना चकलीही खाजवायला लागली होती.

मी हो म्हणणारच होते. पण तासाभरापूर्वीच्या "चिमूटभर" कापराचं काय झालं ते समोर दिसत होतं. मी म्हटलं, नको. सकाळपर्यंत थांबू. त्या सगळ्या दिवसात मी केलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट.

सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला ससे, पक्षी, कासवं बघणाऱ्या एक डॉक्टर सापडल्या. त्यांनी करंजीला आधी झटके थांबवणारं औषध दिलं. मग बोथट पात्याने तिच्या खांद्यावरची कातडी हलकेच खरवडली, ते काचपट्टीवर तेलाच्या थेंबात ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. "या, बघा," म्हणून लेकीलाही दाखवलं. गोल, फुगीर, आखूड पायांचा एक जीव. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. नाव ट्रिक्साकॅरस कॅव्हिए. माणसाला खरूज करणाऱ्या किड्याचा हा जवळचा नातेवाईक. त्याचं शास्त्रीय वर्णन १९७२ साली झालं. हा कातडीच्या आत बोगदे करून राहतो आणि तिथेच अंडी घालतो. खाज इतकी भयंकर असते की नुसत्या त्या वेदनेनेही गिनीपिगला आकडी येते.

मी विचारलं, "मग आकडी किड्यांमुळे आली का?"

त्यांनी विचारलं, "तुम्ही काही लावलं होतं का घरी?"

मी सांगितलं. करंजाचं तेल आणि कापूर. त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "किड्यांमुळेही येते, कापरानेही येते. दोन्ही असू शकेल. आता सांगता येणार नाही."

करंजी तिसऱ्या दिवशी गेली. तिने खाणं सोडलं होतं आणि गिनीपिगने खाणं सोडलं की त्याचं आतडं थंडावतं. सिरिंजने भरवत होतो, पण उपयोग झाला नाही. लेकीने तिला सोसायटीच्या मागे जास्वंदीखाली पुरलं.

चकली मात्र वाचली. तिची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण कुणाकडे हे प्राणी असतील तर उपयोगी पडेल.

तिलाही आयव्हरमेक्टिनच दिलं. पण कसं, ते बघा. डॉक्टरांनी आधी तिला ग्रॅममध्ये तोललं: ७५० ग्रॅम. किलोला ०.४ मिलिग्रॅमच्या हिशोबाने तिला ०.३ मिलिग्रॅम हवं होतं. म्हणजे आमच्या घरातल्या त्या एका गोळीचे चाळीस सारखे भाग करून त्यातला एक! "चिमूटभर" म्हणजे किती पट झालं असतं, देव जाणे. डॉक्टरांनी औषध पातळ करून, मोजून, कातडीखाली टोचलं. कधीकधी मानेवर थेंब टाकायचं सेलामेक्टिन नावाचं औषधही वापरतात. तेही वजनावरच ठरतं आणि कुत्र्याच्या मापाची नळी आणून अंदाजे ओतायचं नाही.

औषध जिवंत किड्यांना लुळं करून मारतं, अंड्यांना मात्र काही करत नाही. म्हणून एकदा देऊन भागत नाही. दहा दिवसांनी दुसरं आणि आणखी दहा दिवसांनी तिसरं इंजेक्शन दिलं. मधल्या काळात अंड्यांतून निघालेल्यांनी नवी अंडी घालायच्या आत त्यांना गाठायचं. पहिल्या इंजेक्शननंतर आठवड्याभरात खाज कमी झाली की वाटतं, झालं बरं. तिथेच बरेच लोक थांबतात आणि महिन्याभरात सगळं परत येतं. शिवाय एकाला झालं तरी पिंजऱ्यातल्या सगळ्यांना औषध द्यायचं, दिसो वा न दिसो. कारण हे किडे अंगावर महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतात आणि प्राणी अशक्त झाला, म्हातारा झाला, गाभण राहिला किंवा घाबरला की डोकं वर काढतात. आमच्या दोघींनी ते बहुधा दुकानातूनच आणले असणार.

प्रत्येक इंजेक्शनच्या दिवशी पिंजरा गरम पाण्याने धुतला. भुसा फेकला. लाकडाचं घरकुल टाकून दिलं, कारण फटीफटींतून साफ होणं शक्य नव्हतं. त्याजागी जुन्या चादरींचे तुकडे अंथरले, ते उकळत्या पाण्यात धुवायचे आणि ऊन पडेल तेव्हा कडक उन्हात टाकायचे. डॉक्टरांनी चकलीची नखं कापून दिली, खाजवून जखमा होऊ नयेत म्हणून. आंघोळ घालू नका, म्हणाल्या. भिजण्याच्या भीतीनेही आजारी गिनीपिगला झटका येऊ शकतो. माझ्या मनगटांवर लाल खाजरे पुरळ आलं होतं, ते चकली बरी होता होता आपोआप गेलं. हे किडे माणसाला चावतात, पण माणसावर त्यांचा संसार होत नाही.

सगळीच खाज या किड्यांची नसते, हेही तिथेच कळलं. उवा असतील तर केसांत हलताना दिसतात, लिखा केसांना चिकटलेल्या असतात. त्या त्रास देतात पण एवढा नाही, आणि आपल्याला लागत नाहीत. नाक-डोळ्यांभोवती गोल टकलं आणि खपल्या असतील तर ती बुरशी, म्हणजे आपला गजकर्ण. तो मात्र मुलांना लागू शकतो. दोन्ही कुशींचे केस सारखेच गेले आणि खाज नसेल, तर माद्यांमध्ये अंडाशयाच्या गाठीही असू शकतात. प्रत्येकाचं औषध वेगळं. खरवडून बघितलं आणि किडा दिसला नाही तरी तो नाहीच असं म्हणता येत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. आणि माणसाची ॲमॉक्सिसिलिन घरात आहे म्हणून पाजायची नाही, ती गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मारून त्याचा जीव घेते.

गंमत म्हणजे हे आयव्हरमेक्टिन ज्या जंतूपासून निघालं तो जपानमध्ये एका गोल्फ कोर्सजवळच्या मातीत सापडला. सातोशी ओमुरांनी ती माती उचलली, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यावर काम केलं, १९८१मध्ये ते औषध आधी जनावरांसाठी बाजारात आलं, मग माणसांसाठी. २०१५चं नोबेल त्या दोघांना मिळालं. म्हणजे हेही एका अर्थी मातीतलं, गुरांचंच औषध. करंजाच्या तेलाचंच भावंड म्हणायचं. फरक एवढाच की याचं माप कुणीतरी ठरवून ठेवलं आहे.

आता आमच्याकडे चकली चौथ्या वर्षात आहे. एकटा गिनीपिग झुरतो, म्हणून तिला सोबत आणली, तिचं नाव शेव. शेवेला आधी तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवलं, डॉक्टरांना दाखवलं आणि मगच दोघींची भेट घातली. गवत आणलं की दोन दिवस फ्रीजरमध्ये राहतं. (बर्फाच्या ट्रेला जागा नाही, पाहुण्यांनी क्षमा करावी.) रोज ढोबळी मिरची आणि कोथिंबीर. दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन आणि केस उलटे फिरवून कातडीची तपासणी. लेक वहीत आकडे लिहिते.

हे सगळं मी याआधीही लिहू शकले असते. लिहिलं नाही, त्याचं कारण वेगळं आहे.

करंजी गेली त्या संध्याकाळी आईंनी मला विचारलं होतं, "माझ्या तेलामुळे का गं?"

मी म्हटलं, "नाही हो आई. किडे फार झाले होते."

कापराचं सांगितलं नाही. दवाखान्यात त्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि विषय संपला, असं मला वाटलं.

तो संपला नव्हता. त्यानंतर आईंनी घरात कुणाला औषध सांगणंच बंद केलं. लेकीला खोकला झाला की आधी गवती चहा, आलं, ज्येष्ठमध यांचा काढा आपोआप यायचा. आता, "डॉक्टरांना विचारा बाई," एवढंच. पोट दुखलं, ओवा नाही. कान दुखला, काही नाही. मला ते दिसत होतं. कारणही माहीत होतं. आणि मी गप्प राहिले, कारण त्यांना वाटत होतं तेल त्यांचं, आणि तसं वाटत राहणं मला सोयीचं होतं. एका प्राण्याच्या बाबतीत झालेली चूक मी न कळून केली होती. ही मात्र कळून करत होते.

आत्याच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी आई मेथी निवडत होत्या, तिथे जाऊन बसले. म्हटलं, "आई, त्या तेलात मी कापूर घातला होता. तुमच्या तेलाने काही झालं नाही. तुम्ही खरूज बरोबर ओळखली होती."

त्या जुडी सोडून माझ्याकडे बघत राहिल्या.

"किती घातलास?"

"दोन वड्या."

"चाटलं असेल तिने."

"हो."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. पानं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी ती बाटली टाकून दिली होती तेव्हाच." मला हे माहीतच नव्हतं. मोरीच्या फळीकडे मी कधी लक्ष देऊन बघितलंच नव्हतं.

मी विचारलं, "लिहू का हे? नातेवाईक वाचतात."

"लिही की. कुणाच्या घरी असतील असले प्राणी, तर कळेल त्यांना."

रागावल्या का, मला कळलं नाही. रागावल्या असतील तर त्यांचा हक्क आहे. पण काल रात्री लेक दोनदा खोकली आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आलं ठेचल्याचा आवाज आला. आई पेला घेऊन बाहेर आल्या, दारात थांबल्या आणि मला विचारलं, "देऊ ना गं तिला?"

पूर्वी त्यांनी कधी विचारलं नव्हतं.